कोरा आवाज

बसथांब्यावर तिच्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या फोनमधून तिचे वडील बोलले. "आलीस? बस. घाई नको. पलीकडचा काठ काही पळून जात नाही." एवढंच. बाई रुग्णालयातली असावी. निळा गणवेश, पायात पांढरे कापडी बूट, आवाज मोठा ठेवलेला, आजूबाजूला माणसं आहेत याची फिकीर नाही. बाई स्वतःशीच हसली, तिने अंगठ्याने काहीतरी दाबलं आणि वडील पुन्हा तेच बोलले, तसंच, 'बस' म्हटल्यावर तोच छोटासा श्वास घेऊन. बस आली. बाई चढली, मागचे चढले, एकाने "चढताय ना?" म्हणून विचारलंसुद्धा, आणि ती खांबाला टेकून तशीच उभी राहिली. आवाज वडिलांचा होता, यात शंकेला जागाच नव्हती. तो तिने स्वतः माइक धरून टिपलेला होता. घशाच्या तळाशी असलेली खरखर, वाक्य संपताना खाली बसणारा सूर, सगळं तिला तोंडपाठ होतं. फक्त हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. तिच्या कंपनीने बनवलेल्या संगणकावरच्या खेळातला होडीवाला जे जे बोलतो ते सगळं तिनेच लिहिलेलं होतं आणि हे तिने लिहिलेलं नव्हतं. शिवाय गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून वडिलांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. बरं. चहा दिला, बरं. चहा सांडला, बरं. दुखतंय का, बरं. खोलीत कोणी नसलं तरी मधूनच, बरं.

पुढच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय दिसत होतं ते तिला सांगता आलं नसतं. आणि, लाज वाटावी अशी गोष्ट, ते वाक्य तिला आवडलं होतं. पलीकडचा काठ काही पळून जात नाही. तिला स्वतःला हे का सुचलं नाही? इतकी वर्षं त्या होडीवाल्याच्या तोंडी ती वाक्यं घालत होती. एक नदी, एक होडी, बसणारा माणूस तुम्ही, वल्हवणारा म्हातारा. दुसरं काही नाही त्या खेळात, ना मारामारी ना बक्षीस. म्हातारा अधूनमधून बोलतो आणि लोक त्यासाठी येतात. खेळ बनवणाऱ्यांची एक सवय असते, खरा नट मिळेपर्यंत हाताशी असेल त्याचा आवाज तात्पुरता भरून ठेवायचा. कोणाची बहीण, कोणाचा घरमालक, कोणीही चालतो. तिच्या हाताशी वडील होते. नुकतेच निवृत्त झालेले, दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या इमारतीचं बांधकाम बघणारे. बंदरावर क्रेन चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. वर काचेच्या खोक्यात एकटा माणूस, खाली एकजण हाताने खुणा करणार, त्या बघून ह्यांनी उचलायचं, फिरवायचं, ठेवायचं. बोलायची गरजच नाही. ती गरज नसण्याची सवय ते रोज संध्याकाळी डब्याबरोबर घरी घेऊन येत. आई म्हणायची, ह्यांच्याशी भांडायचं तर दोन्ही बाजू मलाच सांभाळाव्या लागतात.

तर अशा माणसाला तिने कपड्यांच्या कपाटात तोंड घालून उभं केलं होतं, कारण घरात तेवढीच एक जागा होती जिथे आवाज घुमत नाही. चष्मा नाकावर, हातात तिचा कागद, पाठीमागे ती माइक धरून. "यात भाव काय आणायचा?" त्यांनी विचारलं होतं. काही नको, नुसतं वाचा, असं ती म्हणाली आणि त्यांनी नुसतं वाचलं. सामानाच्या पेटीवरचं लिहिलेलं वाचावं तसं. त्या दुपारी फार छान गेल्या. इतकं ते तिच्याशी आधी कधी बोललेच नव्हते, आणि आता बोलत होते तेही तिचंच लिहिलेलं, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि तिने तिकडे कानाडोळा केला असेल. पुढे नट मिळाला, भारदस्त आवाजाचा. पण खेळ आधी चाखून बघायला ज्या थोड्या लोकांना दिला होता त्यांनी आकाशपाताळ एक केलं. आम्हाला तोच रुक्ष म्हातारा पाहिजे, तो खोटी माया करत नाही. तात्पुरता माणूस कायमचा झाला. चाहत्यांनी त्याला आजोबा म्हणायला सुरुवात केली, त्याची चित्रं काढली, त्याला लांब पांढरी दाढी दिली. वडिलांना ती चित्रं दाखवली तेव्हा त्यांनी आपल्या गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला होता आणि टीव्हीकडे वळले होते.

ऑफिस म्हणजे एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या तीन खोल्या. दुपारनंतर खालून कर्र असा आवाज यायला लागतो आणि सगळ्यांचे दात शिवशिवतात. तिचं काम चाहत्यांशी बोलण्याचं. होडीवाल्याची वाक्यं लिहून झाली की उरलेलं वर्ष ती त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देते, त्यांची भांडणं सोडवते, वाढदिवसाच्या शुभेच्छा देते, शिव्या खाते. तिथे तिला सगळे ताई म्हणतात. ताईचा चेहरा महिन्यातून एकदा थेट गप्पांच्या वेळी दिसतो, बाकी ताई म्हणजे नुसती अक्षरं. खेळाचा नवा भाग महिनाभरापूर्वी आला तेव्हापासून मात्र ताईला सगळ्यांनी धारेवर धरलं होतं, कारण नव्या भागात होडीवाल्याचा आवाज दुसरा होता. आजोबांना का काढलंत? पैसे जास्त मागितले का त्यांनी? म्हातारा झाला म्हणून हाकललंत? एकाने तर लिहिलं होतं की तुमच्यासारख्यांच्या घरी म्हातारी माणसं नसतातच. ते वाचताना ती वडिलांची हनुवटी पुसत होती. उत्तर तिने छापील दिलं होतं, काही अपरिहार्य कारणांमुळे. कारण सांगायचं म्हणजे घराचा दरवाजा उघडा टाकायचा, आणि प्रेमाने आत येणारी माणसंही चपला घालूनच येतात, हे तिने या नोकरीत पुष्कळ बघितलं होतं.

ती आत शिरली तर कॅप्टन आणि कानसेन एकाच खुर्चीभोवती उभे होते आणि खुर्चीसमोरच्या संगणकातून वडील बोलत होते. कॅप्टन म्हणजे हा खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला तो, तिचा कॉलेजपासूनचा मित्र. बोट त्याने आयुष्यात चालवलेली नाही. कानसेन आवाजाचं काम बघतो. तिला पाहून कानसेनने घाईघाईने आवाज बंद केला. कॅप्टनने मात्र तिचे दोन्ही खांदे धरले. रात्रीत कोणीतरी हे करून टाकलं होतं; गोगलगाय नावाचा एक चाहता. खेळाच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यातले कोरे आवाज, म्हणजे पाण्याचा, वल्ह्याचा, संगीताचा थर काढून टाकलेलं निव्वळ बोलणं, कंपनीने मागे चाहत्यांना खुलं करून दिलं होतं. ही यांची जुनी पद्धत, आपलं ते चाहत्यांचं. लोकांनी त्यातून गाणी बनवली, फोनच्या घंटा बनवल्या, सगळ्यांनी कौतुक केलं. गोगलगायने ते यंत्राला खाऊ घातलं आणि यंत्र वडिलांसारखं बोलायला लागलं. नव्या भागातली सगळी वाक्यं त्याने जुन्या आवाजात करून दिली होती, वर स्वतःची दहावीस घातली होती. सकाळपासून चाहत्यांनी ते डोक्यावर घेतलं होतं. महिनाभर शिव्या देणारे आज रडत होते.

कॅप्टनचं म्हणणं सरळ होतं. आपण हे आपलंच करून टाकू. आज दुपारच्या थेट गप्पांत ताईने सांगायचं, आजोबा परत आले. महिनाभराची भांडणं एका वाक्यात मिटतील. तो मनापासून बोलत होता हे तिला दिसत होतं आणि त्यामुळेच तिला त्याचा राग धड धरता येईना. वडील आजारी पडले तेव्हा याच कॅप्टनने त्यांना जिन्यावरून पाठीवर घेऊन खाली आणलं होतं.

"अरे, ते जिवंत आहेत," ती म्हणाली.

"म्हणून तर. मेलेल्या माणसाचं केलं असतं तर वाईट दिसलं असतं." मग त्याचा त्यालाच शब्द टोचला असावा. "अगं, तू त्यांना विचार ना. ते नाही म्हणाले तर विषय संपला. आई कसम."

ते बरं म्हणतात, ती म्हणाली. सगळ्यालाच बरं म्हणतात, त्यांना दुसरं म्हणताच येत नाही. कॅप्टन गप्प झाला, पण त्याच्या गप्प बसण्यात कुठेतरी एक 'मग झालं तर' होतं, आणि ते त्या तिघांनाही ऐकू आलं. कानसेन वायरी गुंडाळत बसला.

ती आवाजाच्या खोलीत जाऊन बसली. चारी भिंतींना काळा फोम, दार लावलं की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं. तिथून तिने गोगलगायला आधी नुसतं 'कसा आहेस?' एवढंच लिहिलं. पुढचं काय लिहायचं ते ठरवून गेली होती, कायद्याची भाषा, परवानगीशिवाय वगैरे. पण ते लिहिण्याआधीच गोगलगायचं उत्तर येऊन पडलं, ताईने आपणहून विचारपूस केली याच आनंदात तो होता. तो एका गोदामात रात्रपाळी करत होता. कामावरून आला की झोप लागेपर्यंत होडीत बसायचा. आजोबा गेले असणार, म्हणूनच तुम्ही कारण सांगत नाही, हे आम्हाला कळलं ताई, असं त्याने लिहिलं होतं. आम्ही कोणी विचारणार नाही. फक्त त्यांना बोलतं ठेवावंसं वाटलं. आणि शेवटी, अगदी संकोचाने, त्याने एक दुवा पाठवला होता. इथे कुठलंही वाक्य लिहा, आजोबा म्हणतील. तुम्हाला पहिल्यांदा देतोय, तुमचा हक्क आहे.

तिने दुवा उघडला. एक रिकामी चौकट, खाली एक बटण. ती कितीतरी वेळ त्या चौकटीकडे बघत राहिली. हे बंद करून उठायचं, एवढंच करायचं होतं. सकाळपासून डोक्यात 'आलीस? बस' चालू होतं आणि त्याखाली दुसरं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून तिने खरे वडील आठवायचा प्रयत्न केला, झटक्याआधीचे, घरातले. दाढी करताना गालात हवा भरणारे वडील दिसले. चप्पल काढून भिंतीला नीट लावून ठेवणारे दिसले. सगळे मुके. आवाज म्हटला की होडीवालाच यायचा, तिचीच वाक्यं बोलत. मग तिच्या बोटांनी लिहिलं, जेवलीस का? आणि बटण दाबलं.

"जेवलीस का?" वडील म्हणाले.

दोन भिंतींच्या कोपऱ्यात उभं राहून, दाराकडे पाठ करून ती रडली. किती साधं वाक्य, कोणाचाही बाप म्हणेल असं. तिच्या बापाने ते एकदाही म्हटलं नव्हतं. ताट वाढलेलं दिसलं की ते समजायचे, आणि ताट उचललेलं दिसलं की तेही समजायचे. आणि हा आवाज ते इतकं सहज म्हणाला होता, की तिच्या लहानपणीच्या घरात ते वाक्य आता मागे जाऊन बसत होतं. शाळेतून आल्यावर, जेवलीस का. परीक्षेच्या दिवशी, जेवलीस का. ती घाबरली. आणखी चार वाक्यं तयार केली, तर खरी कुठली आणि केलेली कुठली हे आपल्याला उद्या सांगता येईल का? तरीही बाहेर यायच्या आधी तिने तो तुकडा स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेतला. कोणी पाहत नव्हतं, पाहायला तिथे खिडकीही नव्हती.

मग तिने घरी फोन लावला. आईने नेहमीप्रमाणे आधी आपलं सांगितलं. व्यायाम करवणारी मुलगी येऊन गेली, आज डावा हात छान उचलला, उजव्याचं काही खरं नाही. तिने आईला सगळं नीट सांगितलं. ह्यांच्या आवाजात दुसरंच कोणी बोलतंय हे आईला पटेना. नकला करणारा आहे का कोणी, असं तिने दोनदा विचारलं. बाबांना विचारायचंय, ती म्हणाली, स्पीकर चालू कर. आणि तिने विचारलं. लहान मुलाला विचारावं तसं सावकाश, शब्द तोडून. तुमचा आवाज लोकांनी वापरला तर चालेल का? पलीकडून वडील म्हणाले, बरं. नको का, तिने विचारलं. बरं, ते म्हणाले. कॅप्टनला हवं होतं ते उत्तर तिच्या हातात होतं, आणि नको होतं तेही.

"आई, बाबांच्या फोनवर मी होडीवाल्याचं ते नवं वाक्य पाठवलंय, ते त्यांना ऐकव. आणि ते काय करतात ते बघ. नुसतं बघ, मला सांग."

आईने त्यांच्याजवळ स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग दुरून, दोन फोनांमधून गाळून आल्यासारखं, आलीस? बस. घाई नको. पलीकडचा काठ काही पळून जात नाही. बरं येईल म्हणून ती वाट पाहत होती. आलं नाही. आईने विचारलं, पुन्हा लावू का हो? तरीही आलं नाही. झटक्यापासून इतका वेळ ते त्या शब्दाशिवाय कधी राहिले नव्हते.

"काही म्हणत नाहीयेत गं," आई म्हणाली. "हात तेवढा केलाय पुढे. पाणी पाहिजे का हो? नाही, पाणी नाही. आडवा धरलाय हात, तळवा खाली, आणि असा हलवतायत, पलंगावरची चादर सारखी करावी तसा. चादर तर नीट आहे. थकले असतील."

चादर नव्हती ती. एकदा, ती सहासात वर्षांची असेल, वडील तिला बंदरावर घेऊन गेले होते आणि क्रेनच्या पायथ्याशी उभं करून त्यांनी तिला खुणा दाखवल्या होत्या. वर घे, खाली सोड, वळव. शेवटी हात आडवा लांब केला, तळवा जमिनीकडे, आणि सावकाश इकडून तिकडे. "ही थांबायची. ही कोणीही द्यावी. मुकादमच पाहिजे असं नाही, झाडणाऱ्याने दिली तरी वरच्याने थांबायचं. का, ते मागाहून विचारायचं." एवढं लांबलचक ते तिच्याशी त्यांचं स्वतःचं म्हणून कधी बोलले असतील तर तेवढंच. शब्द तिला जसेच्या तसे आठवले. आवाज आठवेना. त्या आवाजाच्या जागी होडीवाला बसलेला होता.

थेट गप्पा सुरू झाल्या तेव्हा खाली दंतवैद्याचं यंत्रही सुरू झालं. कॅमेऱ्यामागे कॅप्टन भिंतीला टेकून उभा होता. तिने त्याला हाताबद्दल सांगितलं होतं. तो म्हणाला होता की हात काय, कशाचाही अर्थ काढता येतो, आणि मग म्हणाला होता, तू बघ, तुझे वडील आहेत. पडद्याच्या कडेला चाहत्यांच्या ओळी भराभर वर सरकत होत्या, आजोबा आजोबा आजोबा, फुलं, होड्या. ठरवलेलं निवेदन समोर होतं. तिने ते वाचलं नाही.

"होडीवाल्याचा आवाज माझ्या वडिलांचा आहे," ती म्हणाली. "ते गेलेले नाहीत. घरी आहेत, आजारी आहेत, त्यांना बोलता येत नाही. आज त्यांना ती नवी वाक्यं ऐकवली आणि त्यांनी थांबा म्हणून सांगितलं. कसं सांगितलं ते मी सांगणार नाही. त्यांच्या आवाजात नवीन काही करू नका. कोणीही नाही. आम्हीसुद्धा करणार नाही."

ओळी थांबल्या. तिला वाटलं नेट गेलं. मग एकेक करून त्या यायला लागल्या. कोणी क्षमा मागत होतं, कोणी पत्ता विचारत होतं, फुलं पाठवायला. एकाने लिहिलं, बोलता येत नाही तर थांबा कसं म्हणाले, थापा मारू नका. दुसरा म्हणाला, आजारी बापाचं भांडवल. तिला हे सगळं येणार हे माहीत होतं, तरी प्रत्येक ओळ अंगावर घेतल्याशिवाय पुढे जाईना. कॅप्टन भिंतीवरून सरळ झाला होता आणि खाली बघत होता. बऱ्याच वेळाने, सगळ्यांच्या मधूनच, गोगलगायची ओळ आली. पुसलं ताई. माझ्याकडचं सगळं पुसलं, दुवाही बंद केला, ज्यांनी उतरवून घेतलंय त्यांनाही सांगतोय, ते ऐकतील माझं. आजोबांना सांगा की थांबलो. का, ते विचारत नाही.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. शेजारी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. ताईच्या फोनवर संदेशांचा पाऊस चालूच होता, पुसलं, मीपण पुसलं, आमच्याकडचं पण. कधी न पाहिलेली माणसं शिस्तीत एकामागून एक थांबत होती, आणि वडिलांना हे दाखवलं असतं तर आवडलं असतं, असं तिला वाटलं. तिने फोनमधला तो तुकडा शोधला. पुसायचं ना, असं फोनने विचारलं. खाली हो आणि नाही. तिचा अंगठा हो वरच होता. शेवटचं एकदा, तिने स्वतःला सांगितलं, आणि फोन कानाला लावून ऐकलं.

"जेवलीस का?"

"नाही अजून," ती म्हणाली. शेजारच्या बाईने वळून बघितलं. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पुन्हा लावलं.